पंचरंगी सामन्यांतील ‘इतर’



मुंबईच्या क्रिकेटच्या इतिहासात ‘पंचरंगी सामने’ नावाचे एक प्रकरण आहे. नाव मोठे गोड आहे. पंचरंगी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पोपट येतो, फेटा येतो, अंगणातली रांगोळी येते. प्रत्यक्षात हे पाच रंग म्हणजे पाच संघ होते: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि ‘दि रेस्ट’. या शेवटच्या नावाचा मराठी अर्थ ‘इतर’, ‘उरलेले’, ‘बाकीचे’ असा काहीही करावा. पहिल्या चार संघांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पाचव्याच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते, आणि तेही विजय हजारे यांच्या धावा सांगण्यापुरते. आज मी या पाचव्या रंगाविषयी बोलणार आहे. पण तो पाचवा कसा ठरला हे कळण्यासाठी आधीचे चार कसे ठरले ते पाहावे लागते.

शाळेत आम्ही मुलांना वजाबाकी शिकवतो. मोठ्या संख्येतून लहान संख्या काढली म्हणजे रेषेखाली उरते ती बाकी. बाकीला स्वतःचे नाव नसते. काय काढून घेतले यावरच तिची किंमत ठरते. हिंदी लोकसंख्येतून हिंदू वजा केले, मुसलमान वजा केले, पारशी वजा केले, तर रेषेखाली कोण उरतात? देशी ख्रिस्ती उरतात, ज्यू उरतात, बौद्ध उरतात. या सर्वांमध्ये समान असे काय होते? पहिल्या तिघांपैकी ते कोणी नव्हते, एवढेच. त्यातही एक गंमत आहे. आमच्या महाराष्ट्रात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एका देवळात क्वचितच बसत. परंतु जिमखान्याच्या चिटणिसाच्या टेबलावर मात्र ते एका चौकटीत, बेने इस्राएल बंधूंच्या शेजारी, विनातक्रार येऊन बसले. जे शतकानुशतकांच्या धर्मशास्त्राला जमले नव्हते, ते क्रिकेटच्या वेळापत्रकाने एका दिवसात करून दाखवले.

असो. मूळ गोष्ट गोऱ्यांपासून सुरू होते. मुंबईत हा खेळ साहेबाने आणला, पण कोणाला शिकवायचा म्हणून आणला नाही. पारशी तरुण तो पाहून पाहून शिकले, आणि १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर ते खेळत. पुढे १८७५ साली बाँबे जिमखाना स्थापन झाला. तेथे गोऱ्यांखेरीज कोणास सभासद होता येत नसे. काळ्या माणसाला आत प्रवेश मिळे तो पाणी, सोडा किंवा ताट घेऊन जाण्यासाठी. जिमखान्याचे साहेब लोक क्रिकेटसाठी आपली राखीव जागा वापरत, पण पोलो खेळण्यासाठी त्यांना एतद्देशीयांचे मैदान हवे असे. घोड्यांच्या टापांनी ती जमीन अशी उखडली जाई की चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा राहत नसे. १८८१ साली शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नराकडे अर्ज केला. पोलोवाल्यांना हलवण्यात आले, आणि लवकरच पुन्हा परत आणण्यात आले. या लढ्याचा पुढारी शापूरजी सोराबजी हा पारशी गृहस्थ. त्याने १८९७ साली या साऱ्या तंट्याचा इतिहास पुस्तकरूपाने छापला. क्रिकेटविषयी हिंदी माणसाने लिहिलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि ते फलंदाजीच्या कलेविषयी जितके आहे तितकेच जमिनीवरच्या हक्काविषयी आहे. हा अर्जविनंत्यांचा काळ काँग्रेसच्या जन्माच्याही अगोदरचा आहे, हे लक्षात घ्यावे.

सरकारने यातून जी तोड काढली ती सरकारी पद्धतीचीच होती. गोऱ्यांच्या जिमखान्याचे दार उघडायचे नाही. त्याऐवजी समुद्रकाठी भरणी घातलेल्या जागेत प्रत्येक समाजाला वेगळा तुकडा द्यायचा. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधराएक वर्षांत अशा रीतीने शेजारीशेजारी उभे राहिले. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. स्वतः इंग्लंडचे कर्णधार राहिलेला हा माणूस, पण हिंदी लोकांनी खेळायचे तर आपापल्या धर्माच्या कुंपणात खेळावे ही व्यवस्था त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होती. कॅथलिक जिमखानाही पुढे १९१२ मध्ये याच किनाऱ्यावर निघाला. मरीन लाइन्सच्या बाजूने आज फिरायला जाणाऱ्याला या पाट्या एकापाठोपाठ एक दिसतात. खानेसुमारीचा तक्ता जमिनीवर आखावा, तशी ती रांग आहे.

सामनेही त्याच ओळीने वाढत गेले. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ साली हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले आणि चौरंगी झाले. याच सुमारास, १९०९ च्या कायद्याने, कायदेमंडळात मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाले होते. मैदान आणि कौन्सिल यांची वाढ जवळजवळ बरोबरीने होत होती. मी असे म्हणत नाही की एकाने दुसऱ्याला जन्म दिला. हिंदी समाज म्हणजे धर्मांची मोळी, आणि ती बांधणारा दोर आमच्या हातात, ही राज्यकर्त्यांची समजूत दोन्ही ठिकाणी काम करीत होती इतकेच. आमच्या पुढाऱ्यांनी आणि शेठसावकारांनी ती समजूत आनंदाने उचलली, हेही खरे आहे. जिमखान्याच्या चिटणीसपदाला मान होता.

परंतु ‘हिंदू संघ’ म्हटल्यावर त्यात हिंदू किती आणि कोणते, हा प्रश्न पहिल्याच सामन्यात उभा राहिला होता. त्याचे नाव पाळवणकर बाळू.

बाळूंचा जन्म धारवाडचा. घराणे मूळ कोकणातले, पाळवणचे, जात चर्मकार, वडील लष्करात नोकरीला. मुलगा पुण्यास आला आणि पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व रूळ फिरवण्याच्या कामाला लागला. पगार महिना तीन रुपये. तेथून तो गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेला. जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्याच्या डाव्या हाताच्या फिरकीपुढे तासन्‌तास सराव करी. बाद केलेस तर आठ आणे, असा त्याचा करार होता म्हणतात. चेंडू टाकून टाकून बाळू थोर गोलंदाज झाला. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे धन्याचे काम आणि गोलंदाजी हे चाकराचे, अशी ती वाटणी होती. आणि आमच्याकडील वर्णव्यवस्थेची सवय असलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागली नसती.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवा होता. चेंडू एकच असल्यामुळे तो त्याने शिवलेला असला तरी सवर्ण खेळाडूंना हातात घ्यावाच लागे. चहाच्या वेळी मात्र सगळे आत आणि बाळू बाहेर. त्याचा चहा मातीच्या भांड्यात, म्हणजे पिऊन झाल्यावर फोडून टाकण्याच्या. गोऱ्यांच्या जिमखान्यात जी वागणूक सर्व हिंदी लोकांना मिळत होती, तीच हिंदूंच्या तंबूत बाळूला मिळत होती. पहिल्या गोष्टीविषयी आमची वर्तमानपत्रे पेटून लिहीत. दुसऱ्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष जायला वेळ लागला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू आणि युरोपियन यांचा पहिला सामना झाला आणि हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी आठ गडी बाद केले. धाकटा भाऊ शिवराम त्याच संघात होता. जपानने रशियाला नमवून फार दिवस झाले नव्हते, बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ तापलेली होती, आणि त्या हवेत हा विजय क्रिकेटपुरता राहिला नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ प्रथमच इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला; बाळूंनी मात्र सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. ही कामगिरी करून आलेल्या माणसाला हिंदू संघाने कर्णधार कधीच केले नाही. १९२० साली पुण्यात सामने होते, तेव्हा तर त्यांना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद पाळवणकर बंधूंहून कनिष्ठ अशा एका सवर्ण खेळाडूकडे दिले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ उघड पत्रक काढून संघाबाहेर पडले. पत्रकामागची त्यांची तक्रार अगदी साधी होती: गुण पाहा, जात पाहू नका. चौघा भावांपैकी विठ्ठल हा मोठा फलंदाज. १९२३ साली तो हिंदूंचा कर्णधार झाला, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चषक जिंकला. ज्या आवरात भावाला कुल्हडात चहा मिळाला, तेथून या टप्प्याला यायला पंचवीसएक वर्षे लागली.

बाळूंची गोष्ट येथे संपत नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात जो पुणे करार झाला, त्यावरील सह्यांमध्ये पाळवणकर बाळू यांचीही सही आहे. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ मिळण्याऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा मिळाव्यात, असा तो करार. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उमेदवार उभा केला तो बाळूंना. दोन हजारांच्या आसपास मतांनी बाबासाहेब निवडून आले. या निवडणुकीकडे पाहताना मला नेहमी वाईट वाटते, आणि ते कोण जिंकले यासाठी नव्हे. ज्या माणसाला हिंदू संघाने स्वतःचा प्रतिनिधी म्हणून नाणेफेकीला कधी पाठवले नाही, त्याला दलितांच्या खऱ्या प्रतिनिधीसमोर मात्र मोठ्या हौसेने पाठवण्यात आले. प्रतिनिधी कोणी निवडायचा, त्या समाजाने की समाजाबाहेरच्यांनी, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. क्रिकेटच्या निवड समितीलाही तो विचारता आला असता.

आता पाचव्या संघाकडे येऊ.

असहकाराच्या आणि कायदेभंगाच्या धामधुमीत १९३० पासून चार वर्षे चौरंगी सामने बंद होते. त्याच खंडात, डिसेंबर १९३३ मध्ये, हिंदभूमीवरचा पहिला कसोटी सामना खेळला गेला. आणि तो बाँबे जिमखान्यावर, म्हणजे जेथे कर्णधार सी. के. नायडूंनाही सभासद होता आले नसते अशा जागी. १९३४ साली चौरंगी सामने पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवरून धावते वर्णन सांगायला आरंभ केला. आपण आज ज्या माध्यमातून बोलतो आहोत, त्याच्यावर क्रिकेट आले ते असे या धर्मवार सामन्यांच्या रूपाने. त्याच हंगामात रणजी करंडकाचे प्रांतवार सामनेही सुरू झाले. पण तिकडे माणसे थोडी आणि इकडे गर्दीचा लोंढा, अशी पुढे पुष्कळ वर्षे स्थिती होती.

१९३७ हे साल मोठे विलक्षण. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई इलाख्याची नवी विधानसभा निवडली गेली. एकूण जागा १७५. त्यांपैकी मुसलमानांना २९, युरोपियनांना ३, अँग्लो-इंडियनांना २ आणि देशी ख्रिश्चनांना ३ अशी वाटणी होती. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात चौरंगी सामने पंचरंगी झाले आणि देशी ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध वगैरेंचा मिळून ‘दि रेस्ट’ हा संघ प्रथम मैदानात उतरला. सामने नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर होते. हिंदू जिमखान्याच्या सभासदांना तेथे पुरेशा जागा दिल्या नाहीत म्हणून हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. मराठीत ‘जागा’ हा एकच शब्द विधानसभेलाही चालतो आणि स्टेडियमच्या बाकालाही. १९३७ साली दोन्ही ठिकाणी जागांचाच तंटा होता.

पूर्वी देशी ख्रिस्ती खेळाडूला मुंबईच्या या सर्वांत मोठ्या सामन्यांत स्थानच नव्हते, ते आता मिळाले. हा न्याय झाला, हे मान्य केले पाहिजे. ‘आम्हांला नाव द्या अथवा न द्या, बॅट तरी हातात द्या’ असे म्हणणाऱ्या तरुणाला तो न्यायच वाटला असणार. पण त्या न्यायाची रीत पाहा. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. तेथून रेव्हरंड टिळकांपर्यंत ज्या समाजाने मराठीत प्रार्थना केली, मराठीत रडला आणि हसला, तो समाज मुंबईच्या मैदानावर ‘मराठी’ म्हणून उतरू शकत नव्हता, ‘ख्रिस्ती’ म्हणूनही नाही, केवळ ‘उरलेला’ म्हणून उतरू शकत होता. बेने इस्राएलांचेही तेच. अलिबाग-पेणच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवलेले आणि घरात मराठी बोलणारे हे लोक कोणाचे ‘इतर’? कोळ्यांचे? आगऱ्यांचे? की त्यांच्याच शेजारच्या कुणब्यांचे?

आणि याच संघात विजय सॅम्युएल हजारे होते.

हजाऱ्यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. वडील शिक्षक, घरात आठ भावंडे, धर्म प्रॉटेस्टंट, भाषा मराठी. हा अबोल, कमी हालचालींचा, बॅट दोन्ही पायांच्या मध्ये धरणारा फलंदाज रणजी करंडकात प्रथम महाराष्ट्राकडून खेळला. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास बडोद्याच्या विरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी सामन्यांतले ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी करंडक महाराष्ट्राने जिंकला. कर्णधार होते प्राध्यापक देवधर, संस्कृतचे अध्यापक. पुण्यात संस्कृतच्या प्राध्यापकांच्या हाताखाली सांगलीचा ख्रिस्ती तरुण महाराष्ट्राचा खेळाडू होता. मुंबईच्या गाडीत बसून बोरीबंदरला उतरले की तो ‘दि रेस्ट’ होई, आणि पुण्याचे त्याचे सहकारी ‘हिंदू’ होत. मध्ये केवळ एक घाट होता.

याच काळात या सामन्यांविरुद्ध मोठा वाद पेटला. ‘बाँबे क्रॉनिकल’चे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनी सातत्याने त्यांच्याविरुद्ध लिहिले. ज्यांच्या आवाजाने हे सामने घरोघर पोहोचवले, ते तल्यारखानही विरोधकांत सामील झाले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. सत्याग्रही तुरुंगात जात असताना आणि युरोप जळत असताना मौजेच्या सामन्यांबद्दल त्यांना उत्साह नव्हता हे एक. पण त्यांनी दुसरेही सांगितले. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यात सामने व्हावेत हे आपल्याला समजते, धर्मांच्या नावाने संघ का असावेत हे मात्र आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. हिंदू संघाने त्या वर्षी भाग घेतला नाही. परिणामी अंतिम सामना मुसलमान आणि ‘दि रेस्ट’ यांच्यात झाला, आणि मुसलमान जिंकले. पुढच्या वर्षी हिंदू परत आले.

सामन्यांची बाजू घेणारे लोक काही सगळेच धर्मवेडे नव्हते. विजय मर्चंट यांच्यासारखा समंजस खेळाडू त्यांच्या बाजूचा होता. त्यांचे म्हणणे असे की, हे सामने इतकी वर्षे चालले, पण मैदानात दंगा झाला नाही. हिंदू प्रेक्षक मुसलमान खेळाडूच्या फटक्याला टाळ्या देतात. मग बिघडले काय? यात तथ्य आहे. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना एक गडी राखून हरवले, के. सी. इब्राहिम नाबाद १३७ राहिले, आणि तरी त्या सायंकाळी मुंबई शांत होती. राजकारणातली कटुता त्या वर्षी किती टोकाला गेली होती हे आठवले म्हणजे याचे मोल कळते. तरीही माझे मन त्या बाजूला झुकत नाही. दंगा झाला नाही हा प्रेक्षकांचा मोठेपणा झाला, योजनेचा नव्हे. आणि ‘इतरां’च्या बाजूने विचार केला तर प्रश्न दंग्याचा नव्हताच. त्यांना हिंदू प्रेक्षक टाळ्या देत, मुसलमान प्रेक्षक देत, पारशीही देत. पण ‘आमचे’ म्हणून गळा फाडून ओरडायला स्टेडियमचा एकही मोठा भाग त्यांच्या पाठीशी नव्हता. पाहुण्याचे कौतुक असते तसे ते कौतुक होते.

१९४३ च्या डिसेंबरातला अंतिम सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हजाऱ्यांनी आधी मुसलमानांविरुद्ध २४८ धावा करून मर्चंट यांचा २४३ चा या सामन्यांतला विक्रम मोडला होता. अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. विक्रम पुन्हा मर्चंटांकडे गेला. ‘दि रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला; त्यांत हजारे ५९. दुसऱ्या डावातही पहिले पाच फलंदाज लवकर तंबूत परतले. तेव्हा विजयच्या साथीला त्याचा भाऊ विवेक आला.

पुढे जे घडले त्याला क्रिकेटच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली, आणि त्या तीनशेंमध्ये विवेकच्या धावा होत्या एकवीस. तास न्‌ तास तो नुसता उभा राहिला. चेंडू थोपवायचा, एखादी धाव काढून भावाला समोर आणायचे आणि पुन्हा पलीकडे जाऊन उभे राहायचे. समोर हिंदू संघाचे ताजेतवाने गोलंदाज, पाठीमागे ४४८ धावांची पिछाडी; जिंकण्याची आशा कोणालाच नव्हती. संघाचा डाव संपला तो ३८७ धावांवर; त्यांत विजयच्या ३०९. विवेकच्या एकवीस वजा केल्या तर उरलेल्या नऊ जणांच्या आणि अवांतर मिळून सत्तावन्न. दोन्ही डावांचा हिशेब केला तर संघाच्या ५२० धावांपैकी ३६८ एकट्या हजाऱ्यांच्या. ‘दि रेस्ट’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

वर्गात मी हा हिशेब फळ्यावर मांडतो तेव्हा मुले हमखास विचारतात की इतके करूनही संघ हरला कसा. त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. हिंदू संघाला निवडीसाठी सारा हिंदुस्थान मोकळा होता. ‘दि रेस्ट’ला उरलेल्यांतून अकरा गोळा करावे लागत. लोकसंख्येने लहान समाजाला वेगळा संघ देणे म्हणजे त्याला कायमचा पराभव बहाल करणे होते. ‘दि रेस्ट’ दोन वेळा अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि चषक त्यांनी कधीही जिंकला नाही. विधानसभेतल्या १७५ पैकी तीन जागांची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. आवाज असतो, आणि तो मोजला गेला की संपतो.

१९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. ते तत्त्वासाठी किती आणि परिस्थितीमुळे किती, हे ठरवणे अवघड आहे; मुंबईत १९४६ साली जे दंगे झाले त्यांनंतर असे सामने भरवण्याचा विचारही कोणाला करवला नसता.

आणि मग मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यास, बडोदे विरुद्ध होळकर. हजारे आता गायकवाडांच्या राज्यात स्थायिक झाले होते. इंदूरचा होळकर संघ म्हणजे कर्नल नायडूंचा बलाढ्य संघ. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांचा. बडोद्याचे तीन गडी स्वस्तात गेल्यावर हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. गुल महंमद लाहोरचा, ठेंगणा, डावखुरा, चपळ. हजारे संथ आणि घट्ट. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोदे ७८४, आणि विजय एक डाव ४०९ धावांनी. कोणत्याही गड्यासाठी झालेली ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी होती. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ती मागे टाकली. चौथ्या गड्याचा विक्रम त्यानंतरही बडोद्याच्या या जोडीच्याच नावावर राहिला. तीन वर्षांपूर्वी हजाऱ्यांनी ज्यांच्याविरुद्ध २४८ धावा काढल्या तो मुसलमानांचा संघ होता. येथे दुसऱ्या टोकाला त्याच धर्माचा साथीदार होता आणि धावफलकावर दोघांच्या डोक्यावर एकाच गावाचे नाव होते. ज्या आठवड्यात हे घडत होते, त्याच आठवड्यात पंजाबात घरे जळत होती. काही वर्षांनी गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटी सामना खेळले.

मे १९४९ मध्ये घटनासमितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय घेतला. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती, आणि मद्रासकडून आलेले जेसुइट फादर जेरोम डिसूझा हेही सभासद होते. दोघांनी हा निर्णय मनापासून उचलून धरला. दलितांच्या आणि आदिवासींच्या जागा मात्र राहिल्या, आणि त्या राहायलाच हव्या होत्या. पाळवणकरांची कहाणी ऐकल्यावर त्याचे कारण वेगळे सांगायला नको. हजारे १९५१ साली भारताचे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यास ते निवर्तले. प्रांतांच्या संघांमधील एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे, ते बहुतेकांना माहीत असेल. ‘रेस्ट’ हा शब्दही क्रिकेटमधून गेला नाही: रणजी विजेत्यांविरुद्ध ‘रेस्ट ऑफ इंडिया’, म्हणजे शेष भारत, असा इराणी चषकाचा सामना १९५९-६० पासून सुरू झाला, आणि त्या ‘शेष’ संघात निवड होणे हा मान समजला गेला.

विठ्ठल पाळवणकरांनी आपल्या आठवणी ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केल्या. हे पुस्तक बाजारात सहसा मिळत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या जुन्या मराठी ग्रंथालयांतून ते कोठे एखाद्या कपाटात असेल, तर ग्रंथपालांनी ते वाळवीपासून सांभाळावे आणि ज्याला वाचायचे आहे त्याला ते हाती द्यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.